शेळीचं दूध

सोळा महिन्यांनी पाळी आली, आणि आली ती नेमकी जावळाच्या दिवशी.

रेणापूरच्या शेतात, पत्र्याच्या खोलीमागं, सकाळी साडेसहाला उज्वलाला ते कळलं आणि ती दोन मिनिटं तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. सात महिन्यांचा शिवांश आत आजीच्या मांडीवर खेळत होता. बांधावरच्या सटवाईला शेंदूर लावून झाला होता, बोकड बाभळीला बांधलेला होता, न्हावी दुसरा चहा पीत होता. भाच्याला मांडीवर घेऊन बसायचा मान मामाचा, म्हणून तिचा भाऊ व्यंकटी कंधारहून पहिल्या गाडीनं निघाला होता. मुरुड, लातूर, कंधार अशा तिन्हीकडच्या माणसांची सवड बघत, महिनाभर खल करून हा दिवस काढलेला, आणि तिच्या अंगानं मात्र कुणाला न विचारता आपला दिवस धरला. तिला क्षणभर हसूच आलं.

पण हसू फार टिकलं नाही. सटवाई काही रागावणार नाही याची तिला खात्री होती. धाक होता तो मुरुडच्या आक्कांचा. आक्का म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, शिवमची आत्या. गेले तीन महिने त्या फोनवरून, आणि समोर आल्या की समोरून, एकच गोष्ट सांगत होत्या: हातासरशी दुसरं होऊन जाऊ दे. शिवमही मान डोलवायचा. लातुरात त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान. हातात घेतलेलं काम एका दमात उरकायची त्याला सवय, त्यामुळं पोरंसुद्धा पाठोपाठ मोठी झाली की मोकळं, असं त्याचं साधं म्हणणं होतं. उज्वलाचं म्हणणं वेगळं होतं. शिवांशच्या वेळी रक्त थांबेना म्हणून तिला दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं होतं, आणि त्यानंतर दोन महिने नुसती घागर उचलली तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. तिला तीन वर्षं हवी होती. पण 'तीन वर्षं' हे दोन शब्द घरात मोठ्यानं म्हणायचं धाडस तिला अजून झालं नव्हतं. 'अंगावर पितोय, पाळी आली नाही, मग आत्ताच कशाला तो विषय,' असं म्हणत ती दिवस ढकलत होती. आज ते म्हणायची सोय संपली.

सासूला सांगणं भागच होतं. रेणुकाबाई मांडीवर नातू आणि समोर चूल अशा बसल्या होत्या, वाटणाचं खोबरं भाजत.

"आई, पाळी आली," उज्वला कानाशी वाकून म्हणाली.

रेणुकाबाईंचा हात थांबला. "आली?"

"आत्ताच."

"खरंच आली का? का नुसताच डाग?"

"नाही आई. आलीच."

आता कपाळाला आठी पडणार, अशी उज्वलाची खात्री होती. पण सासूबाईंनी डोळे मिटले, छातीत कधीचा कोंडलेला श्वास सोडला आणि खोबऱ्यानं तेलकट झालेल्या हातानंच तिचा गाल चाचपला. "बरं झालं माय. लई बरं झालं. सांगून आली."

'सांगून आली' म्हणजे काय, हे विचारायच्या आत खोबरं करपायला लागलं. "आपल्या घरात आता कुणी काय पाळत न्हाई," रेणुकाबाई कढई उतरवत म्हणाल्या, "पर देवीम्होरं आक्का हाईत. तू आपली जरा बाजूला थांब. ओवाळायचं म्या बघते."

घरात पाळत नव्हते, हे खरं होतं. उज्वलाची आजेसासू तुळजाबाई होत्या तोवर पाच दिवस वेगळी ताटली आणि वेगळं अंथरूण होतं. त्या गेल्यावर, कुणी ठरवलं नाही तरी, ते सगळं हळूहळू सुटलं. सटवाईच्या पुढ्यात मात्र अजून कुणी तेवढं धीट झालं नव्हतं.

नऊ वाजता व्यंकटी पोचला आणि जावळ सुरू झालं. भाचा मामाच्या मांडीवर, मामाच्या डोक्याला नवा फेटा. खाली पडणारे केस झेलायचा मान आत्याचा. शिवमची पाठची बहीण शीतल हैदराबादला नोकरीला, तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पोराच्या आत्याचा मान बापाच्या आत्याकडं गेला होता आणि आक्कांनी तो आनंदानं उचलला होता. त्या पदर पसरून अशा बसल्या होत्या, की एक केससुद्धा जमिनीला लागायची टाप नव्हती. न्हाव्यानं पहिली बट कापली, शिवांशनं भोकाड पसरलं, हलगी वाजली. आणि तेवढ्यात आक्कांचं लक्ष गेलं.

"अगं उज्वला! लेकराला ओवाळायला ये की. तिकडं कामून उभी ऱ्हाऊन राहिली?"

उज्वला जागची हलली नाही. रेणुकाबाईंनी चटकन आरतीचं ताट उचललं. एवढं पुरेसं होतं. सत्तर माणसांमधल्या पस्तीस बायकांना एकाच वेळी सगळं समजलं आणि त्यांच्याकडं बघून पुरुषांनाही समजलं. उज्वलाला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

आक्का मात्र रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला. "आली व्हय?" त्या पदरातले केस सांभाळत म्हणाल्या. "चांगलं झालं की मग. बस तिकडंच चिंचंखाली. बोलू सावकाश."

हे 'बोलू सावकाश' उज्वलाला रागापेक्षा जास्त लागलं.

चिंचेखाली सतरंजीवर दोघीजणी आधीच बसल्या होत्या. एक भामाबाई, ओढ्यापलीकडच्या दोन एकरांची मालकीण. दुसरी तिची लेक धम्मप्रिया, गावच्या उपकेंद्रातली सिस्टर. भामाबाईच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरातलं कुणी सटवाईपुढं वाकलं नव्हतं. जेवायला मात्र भामाबाई दर कार्याला यायची, चिंचेखाली बसायची आणि मटणाला नावं ठेवत पोटभर जेवून जायची.

"ये, बस आमच्या लाइनीत," ती उज्वलाला जागा करून देत म्हणाली. "आम्ही देवीकडं जात न्हाई, तुला देवीकडं जाऊ देत न्हाईत. एकाच गावचे झालो."

उज्वला हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धम्मप्रियानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तांबी बसवायची तर सोमवारी ये, असं पंधरा दिवसांपूर्वी हिनंच तिला सांगितलं होतं.

"सिस्टर, दूध जाईल का आता?"

"काही जात नाही वहिनी. ह्या चार दिवसांत जरा कमी वाटेल, तो थोडी कटकट करेल. पाजत राहायचं. पाळीनं दूध नासत नाही, तुटत नाही."

"आणि इतके दिवस पाळी नव्हती, तोवर तरी काळजी नव्हती ना?"

धम्मप्रियानं नकारार्थी मान हलवली. "पहिले सहा महिने, नुसतं अंगावर, रात्री-अपरात्रीसुद्धा, आणि पाळी आलेली नाही, तेवढ्यापुरता भरवसा. वरचं खाणं सुरू केलं, सहा महिने उलटले, की तो संपला. बीज आधी सुटतं वहिनी, पाळी मागून येते. कित्येकींना पाळी दिसायच्या आधीच दिवस राहतात."

गेला महिनाभर उज्वला शिवांशला नाचणीचं सत्त्व भरवत होती आणि 'पाळी नाही' एवढ्या एका गोष्टीवर निर्धास्त झोपत होती.

"म्हणजे माझं नशीब."

"नशीबच. सोमवारी ये. शिवमदादांची सही लागत नाही, पण त्यांना माहीत असलेलं बरं."

भामाबाई सुपारी कातरत ऐकत होती. "रेणुकाबाईला सांगितलं का, पाळी आल्याचं?"

"सांगितलं मावशी. त्या म्हणाल्या, बरं झालं, सांगून आली."

अडकित्ता थांबला. भामाबाईनं सटवाईकडं, ओवाळत असलेल्या रेणुकाबाईंकडं बराच वेळ पाहिलं. "म्हणंलच ती," एवढंच बोलून तिनं सुपारी तोंडात टाकली.

पंगती उठेपर्यंत दुपार कलली. व्यंकटी तीनच्या गाडीनं परत गेला, लांबचे पाहुणे पांगले, आणि चिंचेखाली घरचेच तेवढे उरले. उज्वला, शिवम, रेणुकाबाई, सासरे भुजंगराव पातेली मोजून ठेवत जरा पलीकडं, आणि मायलेकी निघायच्या बेतात. चकोट डोक्याचा शिवांश आईच्या पदराआड शिरून दूध पीत होता. नव्यानं टक्कल झालेल्या त्या डोक्यावर उज्वलाचा हात सारखा फिरत होता. आक्का आल्या आणि सतरंजीच्या मधोमध बसल्या.

"हां. आता ह्याचं अंगावरचं तोड," त्या म्हणाल्या. "पाळी आली म्हंजे त्या दुधात काय दम ऱ्हात न्हाई. कडुलिंब वाटून लाव, दोन दिवस रडंल, मग इसरंल. अन् शिवम, तूबी आता ढकलाढकली बंद कर. पुढच्या वर्षी ह्याच दिवसात मला दुसऱ्याचं जावळ झेलायचंय."

उज्वलानं नवऱ्याकडं पाहिलं. शिवम जमिनीवरची चिंचेची पानं गोळा करत होता. "हाव आत्या. बघू."

"बघू काय? तुझ्या मायनं बघत बसलं का? तू मांडीवर हाईस तवर शीतल झाली. तेरा महिन्याचं अंतर. लोक जुळी म्हणायचे तुमाला. अन् तू तर शेळीच्या दुधावर वाढला. काय कमी पडलं तुला, सांग की?"

शेळीच्या दुधाची ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. शीतल पोटात असताना रेणुकाबाईंचं दूध तुटलं, भुजंगरावांनी बाजारातून चंद्री नावाची शेळी आणली, शेतात बांधली आणि तिच्या दुधावर शिवम पोसला. शिवम शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिला आला तेव्हा ते श्रेय चंद्रीला मिळालं होतं. दुकानात गिऱ्हाइकांनाही तो छाती पुढं करून सांगायचा, आपण शेळीच्या दुधावरचा माणूस आहोत म्हणून.

भामाबाई हसली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"का हसली गं?" आक्कांनी विचारलं.

"काय न्हाई. शेळीचं!" भामाबाई पुन्हा हसली.

"हसू द्या आक्का," रेणुकाबाई म्हणाल्या. "तिचा हक्क हाय तो."

त्यांचा आवाज असा काही होता, की भुजंगरावांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. रेणुकाबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं. त्यांनी मान हलवली, 'सांग' अशी. मग त्या उज्वलाकडं वळल्या आणि सुनेलाच सांगायला लागल्या, जणू बाकीचे तिथं नव्हतेच.

"शिवम चार महिन्याचा होता तवा मला शीतल राहिली. मला पाळी आलीच न्हवती बाई. एक डाग न्हाई. लेकरू अंगावर पितंय, मग म्या निवांत. मळमळायचं तर म्हणायची पित्त झालंय. पोटात हललं, तवा कळलं मला, अन् तवर चार महिने उलटून गेलते. आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूनं, त्याच दिवशी ह्याचं दूध तोडलं. गरवार बाईचं दूध म्हंजे लेकराला इख, असं त्यांचं. म्या कडुलिंब लावला. ह्यो कडू तोंडानं माझ्याकडं बघायचा अन् मीबी रडायची. शेळी आणली, खरं हाय. पर शेळीचं दूध ह्याच्या पोटात ठरंनाच. वरून घातलं की खालून. आठ महिन्याचं लेकरू, पर उचललं की हाताला वजन लागत न्हवतं. दवाखाना झाला, सलाईन झाली. म्या आशा सोडलती."

"मग?" शिवम म्हणाला. पानं त्याच्या हातातच राहिली.

उत्तर पलीकडून आलं. "मग म्या नेला," भुजंगराव म्हणाले. मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यानं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त शब्द खर्च केले. "सकाळी एकदा अन् दिवस मावळायच्या आधी एकदा. टावेलात गुंडाळायचो. घरी सांगायचो, शेतात शेळीचं ताजं दूध पाजून आणतो. अन् वढा ओलांडून भामाकडं न्यायचो."

आक्कांचं तोंड उघडं पडलं होतं. त्यांनी विचारलं तेही भलतंच, "अन् मग शेळीचं दूध?"

"ते म्या चहात प्यालो. दीड वर्ष."

धम्मप्रियाला हसू आवरलं नाही. शिवम हसला नाही. तो भामाबाईकडं बघत होता. लहानपणापासून हजार वेळा बघितलेला तो चेहरा. "मावशी? खरं?"

"चावायचास," भामाबाई म्हणाली. "तुला दात लवकर आलते. माझा धम्मानंद अन् तू, महिन्याचा फरक. एका अंगाला तो, एका अंगाला तू. तू लई हावरा. तुझं संपलं की त्याच्या बाजूला हात घालायचास."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू?" भामाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुझ्या आजीच्या दारात मला पाणी वरून ओतायचे. तिच्या नातवानं माझं दूध पिलं असं म्या बोलले असते, तर तुझ्या मायला त्या घरात ठिवलं असतं का? अन् नंतर बोलायचं, तर आजबी माझी सतरंजी चिंचंखालीच पडती की. म्हणलं, ज्याचं त्याला बोलू वाटंल तवा बोलतील."

रेणुकाबाईंनी मान खाली घातली. भुजंगरावांनीही.

धम्मप्रिया मात्र वेगळ्याच विचारात पडली होती. तिच्या कपाळावर तीच आठी होती जी उपकेंद्रात तारखा मोजताना असायची. "आई, किती दिवस पाजलंस तू दोघांना?"

"दोन वर्साचे होईस्तवर. नंतर नंतर ह्यो आपला आपण यायचा, वढ्यातून, बापाच्या पुढं पळत."

"आणि तुझी पाळी?"

"आली कुठं? धम्मानंद सव्वादोन वर्साचा झाला तवा आली. माझ्या जावांची वर्साआड लेकरं चालू होती. मलाच का राहीना म्हणून सासू परेशान. तिला वाटलं, आतून काहीतरी बिघडलं. मलाबी तसंच वाटायचं. मग आली, अन् पुढच्या साली तू झालीस. चांगली तीन किलोची. जावांची सगळी काडीवानी, तू एकटी गुटगुटीत."

"धम्मानंददादा आणि माझ्यात सव्वातीन वर्षं," धम्मप्रिया हळू म्हणाली.

"ती ह्यानं दिली मला." भामाबाईनं हनुवटीनं शिवमकडं खूण केली. "दोन तोंडं वढत होती. अंगाला वाटलं असंल, जुळी हाईत, हिला अजून सवड द्यावी."

उज्वला मनाशी एकेक धागा जुळवत गेली. ओढ्याच्या या काठावर एका बाईला काही न सांगता, न विचारता, दिवस राहिले आणि मांडीवरच्या लेकराचं दूध तुटलं. तेच लेकरू टॉवेलात गुंडाळून त्या काठावर गेलं, दुसऱ्या बाईच्या अंगाला लागलं, आणि तिथं त्यानं येणाऱ्या मुलाला तीन वर्षं थांबवलं. जगलं ते स्वतःही, आणि दुसऱ्या घरात धम्मप्रिया धडधाकट यावी एवढी जागाही करून गेलं. या दोन बायकांनी यातलं काही ठरवलं नव्हतं. अंगांनी परस्पर ठरवलं होतं. तिनं पदर जरा सरकवून आत पाहिलं. शिवांशचे डोळे मिटलेले, गाल चालू, एक मूठ तिच्या ब्लाउजला घट्ट. एवढंसं तोंड, पण ते नुसतं दूध ओढत नाही, आत कुठंतरी खोलवर निरोप धाडत असतं. आणि आज सकाळी, सोळा महिन्यांनी, आतून निरोप उलट आला होता. आपल्या अंगात एवढं सगळं चालतं आणि आपण त्याच्यावर नुसते कपडे घालून हिंडतो, याचं तिला इतकं नवल वाटलं की तिला काही सुचेना.

"असं सगळ्यांचं होत नाही हं," धम्मप्रिया तिच्याकडं बघून म्हणाली. सिस्टर जागी झाली होती. "आईचं झालं, रेणुकाकाकूंचं झालं नाही. पाजत दोघी होत्या. म्हणून अंगावर भरवसा टाकायचा नसतो." मग ती शिवमकडं वळली. "म्हणजे दादा, मला तुम्ही अडवून धरलं होतं?"

शिवम उठला. चपला काढून तो भामाबाईसमोर आला आणि वाकायला लागला. तिनं त्याचा दंड धरला. "ते पाया-बिया पडायचं ठिव. बस खाली."

तो तिच्याशेजारी सतरंजीवर बसला. एवढा दुकानदार माणूस, पण त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"शिवम," रेणुकाबाई म्हणाल्या, "मला कुणी इचारलं न्हवतं. इचारलं असतं तरी म्या काय सांगणार होते, मलाच मालूम न्हवतं. हिचं तसं न्हाई. हिला सांगून आलीया. हिला कळतंय, हिला बोलता येतंय. आत्याला नको, मला नको, हिला इचार."

शिवमनं बायकोकडं पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यानं तिला साडीचा रंग विचारला होता, घराचा विचारला होता. हे विचारायचं असतं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

"तुला काय पायजे?" तो म्हणाला.

"तीन वर्षं," उज्वला म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. "माझं अंग अजून भरलं नाही शिवम. ते रक्त, ती अंधारी, तुम्ही बघितलंय. मला तांबी बसवायची आहे, सोमवारी, सिस्टरकडं. मी तुम्हाला न सांगता ठरवलं होतं. आणि ह्याचं दूध मी तोडणार नाही."

सोमवारी दुकानात माल उतरायचा होता, ते शिवमच्या तोंडावर दिसलं आणि गेलंही. "किती वाजता?" त्यानं विचारलं.

"दहाला," धम्मप्रियानं सांगितलं.

इतका वेळ आक्का बोलल्या नव्हत्या, हे आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या पदराच्या गाठीत जावळाचे केस तसेच होते आणि त्या गाठीवर त्यांचा हात होता. त्या धम्मप्रियाकडं सरकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाला तरी विचारून बोलत होत्या.

"पोरी, एक इचारू का? हसशील."

"नाही हसत. विचारा आक्का."

"मला पाळी लग्नाआधी आली, सातआठ बारी. मग ऑपरेशन झाल्यावर आली. मधी चौदा वर्सं. त्या चौदा वर्सांत म्या ती बघितलीच न्हाई गं, एकदाबी. मला वाटायचं, लग्न झाल्यावर बायांना येतच न्हाई." त्यांनी पदराची गाठ चाचपली. "ते रगत जायचं कुठं?"

"लेकरं किती आक्का?"

"सात. हाईत ती पाच."

रोज दहा बायकांशी हेच बोलणाऱ्या धम्मप्रियानं आक्कांचा हात धरला. "कुठं जाणार? एक पोटात, एक अंगावर. अंगावरचं सुटायच्या आत दुसरं पोटात. तुमच्या अंगाला मधी सवडच मिळाली नाही आक्का."

"सवडच न्हाई," आक्का म्हणाल्या. त्यांनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले, मग उताणे. मग उज्वलाच्या पदराआडच्या टकल्याकडं बघत राहिल्या. शिवांश दूध पिऊन झोपला होता आणि झोपेत त्याचे ओठ अजून हलत होते.

एकाएकी त्यांनी पदरानं तोंड खसखसून पुसलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज चिंचेखाली घुमला.

"ए शिवम! दहाला म्हंजे दहाला. दुकान-बिकान काय मला सांगायचं न्हाई. नेशील नं हिला? का म्या येऊ मुरुडहून?"